बालीला सर्फिंग शिकायला जायचंय? आधी लाट ठरवा, तिकीट शेवटी काढा

वर्षातून तीन-चारदा तरी ओळखीतल्या कोणाचा तरी मेसेज येतो, की बालीचं तिकीट स्वस्तात मिळालं म्हणून काढून टाकलंय, जानेवारीचं आहे, हॉटेल उबुदला घेतलंय, आणि जमलं तर सर्फिंग पण शिकायचंय, कसं करू सांग. मग मला सांगावं लागतं की अगं उबुदला समुद्रच नाहीये, ते आत भातशेतीत आणि डोंगरात आहे, किनाऱ्यापर्यंत यायला ट्रॅफिक धरून तास-दीड तास जातो, आणि जानेवारीत कुटाच्या बाजूला, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर, वारा समुद्राकडून येतो, पाऊस असतो, पाण्यात प्लॅस्टिक वाहून आलेलं असतं. पण पैसे भरून झालेले असतात. फार वाईट वाटतं मला अशा वेळी.

म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकतेय, ज्यांनी आयुष्यात कधी सर्फबोर्डवर पोट टेकवलेलं नाही त्यांच्यासाठी. मी स्वतः पहिल्यांदा शिकायला गेले तेव्हा अडतीस वर्षांची होते, जाड चष्मा, आणि पोहणं म्हणजे ठाण्याच्या तलावात शिकलेलं तेवढंच, तेव्हा वयाचं कारण सांगू नका. माझं म्हणणं एवढंच आहे की ही ट्रिप उलटीकडून प्लॅन करायची असते. एरवी आपण तिकीट काढतो, मग हॉटेल, मग तिकडे काय काय करायचं ते बघतो. इथे आधी आपल्याला झेपेल अशी लाट, लाटेवरून महिना आणि किनारा, किनाऱ्यावरून राहायची जागा, आणि सगळ्यात शेवटी तिकीट.

आधी बेट समजून घ्या

बाली हे ज्वालामुखीचं बेट आहे. आगुंग हा तिथला सगळ्यात उंच डोंगर, तीन हजार मीटरच्या वर, 1963 मध्ये त्याचा प्रचंड उद्रेक झाला होता, आणि 2017 मध्ये पुन्हा जागा झाला तेव्हा राखेमुळे विमानतळ दोन-अडीच दिवस बंद ठेवावा लागला. शेजारी बातुर आहे, तोही जिवंत. आता याचा लाटांशी काय संबंध, तर बराच आहे. आपल्या मुंबईसमोर समुद्राचा तळ दोनशे-तीनशे किलोमीटरपर्यंत उथळच आहे, त्यावरून घासत घासत येताना लाटेचा जोर कमी होत जातो. बालीच्या दक्षिणेला तसं उथळ पाणी फारसं नाहीच, किनारा सोडला की तळ झपकन खोल जातो. त्यामुळे खाली दक्षिण हिंदी महासागरात, पार चाळीस अंश दक्षिणेच्याही पुढे वादळं होतात, तिथून निघालेली लाट कित्येक दिवस प्रवास करून जवळपास सगळा जोर घेऊन बालीवर येऊन फुटते. त्यामुळे फोरकास्टवर एक मीटर लिहिलेलं असलं तरी ते गोव्याच्या एक मीटरसारखं समजायचं नाही.

वाळूत पण फरक दिसतो. केरामास, मेदेवी, चांगू या बाजूंना वाळू काळी किंवा करडी आहे, लाव्हाची वाळू ती, दुपारी बारा-एकला इतकी तापते की अनवाणी चाललात तर तळवे पोळतात, चप्पल पाण्याच्या अगदी कडेपर्यंत न्यायची. आणि दक्षिणेचं टोक, ज्याला बुकित म्हणतात, उलुवातू वगैरे जिथे आहे, तो भाग ज्वालामुखीचा नाहीच, तो वर उचलला गेलेला चुनखडीचा कडा आहे, म्हणून तिथे वाळू पांढरी आणि पाण्याखाली धारदार रीफ, म्हणजे प्रवाळाचा खडक. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक सगळ्यात महत्त्वाचा, कारण पडायचं तर दिवसातून पन्नास वेळा आहे, आणि खाली वाळू आहे की प्रवाळ यावर तुमची सगळी सुट्टी अवलंबून आहे.

महिना कोणता

बालीत दोनच ऋतू. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा, तेव्हा वारा आग्नेयेकडून येतो, म्हणजे कुटा, लेगियन, चांगू या पश्चिम किनाऱ्यावर तो जमिनीकडून समुद्राकडे जातो, त्याला ऑफशोअर म्हणतात, आणि त्याने लाट नीट उभी राहते, फाटत नाही. नोव्हेंबर ते मार्च पावसाळा, वारा उलटा फिरतो, मग पूर्वेकडची ठिकाणं चांगली होतात, सानुर, नुसा दुआ, सेरांगान वगैरे, पण तिकडे बहुतेक रीफ आहे, नवशिक्याने जायची ती जागा नाही.

जून-जुलै-ऑगस्टमध्ये लाटा सगळ्यात मोठ्या आणि गर्दीही सगळ्यात जास्त. त्यामुळे पहिल्या वेळेला मी एप्रिल शेवट ते मे, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर असंच सांगते. मे महिना तर मुलांच्या सुट्टीतच येतो, आणि दिवाळी ऑक्टोबरमध्ये पडली त्या वर्षी तेही जमतं. पाण्याला थंडी अशी नाहीच, 26 ते 29 अंशांच्या मधेच असतं, वेटसूट लागत नाही.

एक तारीख मात्र कॅलेंडरवर बघून ठेवा, न्येपी. बालीच्या शक संवत्सराचा पहिला दिवस, आणि तो शक आपलाच, शालिवाहन शकाचा आकडा जो तोच तिकडचा. बऱ्याच वर्षी तो गुढीपाडव्याच्या आजूबाजूलाच येतो, 2026 मध्ये तर दोन्ही 19 मार्चलाच. पण आपल्याकडे पाडव्याला ढोलताशे आणि तिकडे संपूर्ण मौन, चोवीस तास विमानतळ बंद, रस्ते बंद, किनारा बंद, हॉटेलच्या बाहेर पाय टाकायचा नाही, दिवे सुद्धा मंद. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह म्हणून राक्षसांचे प्रचंड पुतळे मिरवतात, ते बघण्यासारखं असतं. ज्यांना हे अनुभवायचंय त्यांनी मुद्दाम जावं, पण पाच दिवसांच्या सर्फ ट्रिपमधला एक दिवस नकळत त्यात जाऊ देऊ नका.

निघायच्या दोन महिने आधी

पोहायला येत नसेल तर आधी पोहणं. बोर्डला दोरी असते, लीश म्हणतात तिला, त्यामुळे चालतं असं बरेच जण सांगतात, पण लीश तुटते. न थांबता दोनशे मीटर पोहता येणं आणि घाबरून न जाता दहा मिनिटं पाठीवर तरंगता येणं, एवढं जमलं की मग तिकिटाचा विचार करा. तरंगण्याकडे कोणी लक्ष देत नाही आणि समुद्रात खरं तेच उपयोगी पडतं.

दुसरं म्हणजे खांदे आणि कंबर. सर्फिंगमध्ये उभं राहण्याचा वेळ काही सेकंदच, बाकी सगळा वेळ पोटावर पडून हातांनी पाणी ओढायचं असतं. रोज भुजंगासन, थोडे दंड, आणि घरात चटईवर पोटावर झोपून एका झटक्यात उभं राहायची प्रॅक्टिस, त्याला पॉप-अप म्हणतात, दिवसाला वीस वेळा. ठाण्याच्या आमच्या हॉलमध्ये मी सतरंजी घालून करायचे आणि तिकडे गेल्यावर पहिल्याच दिवशी त्याचा फायदा कळला.

जमलं तर एखादा वीकेंड गोव्यात आश्वे-मांद्रेच्या बाजूला एक-दोन लेसन घेऊन या, पावसाळा सोडून. लाटा लहान असतात, पण खाऱ्या पाण्यात डोळे उघडे ठेवायची आणि बोर्ड सांभाळायची सवय तिथेच होते, आणि आपल्याला हे खरंच आवडतंय का तेही कळतं.

कुठे राहायचं

माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या वेळेला कुटा-लेगियन-सेमिन्याक या सलग वाळूच्या पट्ट्यात, किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांच्या आत. कुटा जुनं झालं, गर्दीचं आहे, रस्ते अरुंद, चांगू जास्त भारी दिसतं फोटोत, हे सगळं मान्य. पण खाली वाळू आहे, लाट सरळ येते, जीवरक्षक असतात, आणि बोर्ड भाड्याने देणारे अगदी किनाऱ्यावरच बसलेले असतात. बॉब कोक नावाच्या अमेरिकन माणसाने 1936 मध्ये याच कुटाला हॉटेल काढलं आणि हवाईत शिकलेलं सर्फिंग बालीत आणलं, म्हणजे बेटावरचं सर्फिंग सुरूच या वाळूवर झालंय.

चांगूचं बातु बोलोंग पण नवशिक्यांसाठी म्हणून सांगतात, लाट हळू आणि लांब आहे हे खरं, पण एका लाटेवर आठ-आठ जण असतात आणि खाली मधे मधे दगड आहेत. चार-पाच दिवस झाल्यावर शिकवणाऱ्याबरोबर जा. मेदेवी, बालांगान ही त्याच्या पुढची पायरी. उलुवातू, पादांग पादांग, बिंगिन, केरामास ही नावं ऐकून मोह होतो, पण तिथे फक्त बघायला जायचं.

आमचीच गोष्ट सांगते. पहिल्या ट्रिपला आम्ही स्वस्त मिळाला म्हणून आतल्या गल्लीत एक व्हिला घेतला, समुद्रापासून पंचवीस मिनिटं अशी जाहिरात होती, सकाळच्या ट्रॅफिकमध्ये पन्नास लागायची. रोज पोचेपर्यंत साडेआठ, तोवर भरती बदललेली आणि वारा सुरू झालेला. तीन दिवस असे गेले. शेवटी उरलेलं भाडं सोडून आम्ही किनाऱ्याजवळच्या साध्या होमस्टेमध्ये आलो, पंख्याची खोली, अंगणात नळ, पण सकाळी सहाला पाण्यात. तेव्हापासून खोली कशी आहे हे मी दुसऱ्या नंबरवर बघते. आणि एका ट्रिपमध्ये एकच मुक्काम, उबुद-गिली-नुसा पेनिदा असं सगळं त्यात कोंबू नका, शिकण्यात खंड पडला की परत पहिल्यापासून.

किती दिवस? पाण्यातल्या निदान सहा सकाळी मिळाल्या पाहिजेत, म्हणजे येणं-जाणं धरून आठ-नऊ दिवस.

कागदपत्रं, पैसे, इन्शुरन्स

पासपोर्ट पोचल्यापासून सहा महिने वैध पाहिजे. भारतीयांना व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, 5 लाख रुपिया फी, तीस दिवसांचा, एकदा वाढवता येतो, आणि तो आधी ऑनलाइन काढून ठेवला तर रात्री उतरल्यावर रांग वाचते. शिवाय फेब्रुवारी 2024 पासून परदेशी पर्यटकांना बालीचा वेगळा दीड लाख रुपियाचा कर आहे, तोही सरकारी साइटवरच भरा, सारख्या दिसणाऱ्या एजंटांच्या साइटवर जास्त पैसे जातात. रुपियातल्या शून्यांनी पहिल्या दिवशी गोंधळायला होतं, 5 लाख म्हणजे आपले साधारण अडीच-पावणेतीन हजार. पैसे बँकेच्या एटीएममधून काढा किंवा मोठ्या, पावती देणाऱ्या मनी चेंजरकडे बदला, गल्लीतल्या दुकानात रेट जास्त लिहिलेला असतो आणि नोटा मोजताना दोन-चार कमी होतात.

इन्शुरन्सचं मनापासून सांगते, नुसतं ट्रॅव्हल इन्शुरन्स काढलंय म्हणून निर्धास्त राहू नका. पॉलिसीत ॲडव्हेंचर स्पोर्ट्स वगळलेले असतात बऱ्याचदा, सर्फिंग कव्हर आहे का हे लेखी विचारून घ्या. दुसरं, राखेमुळे विमान रद्द झालं तर काय मिळतं ते बघा, आणि पॉलिसी तिकीट काढल्या काढल्या घ्या, कारण उद्रेकाची बातमी आल्यावर घेतलेली त्या उद्रेकाला लागू होत नाही. ही काळजी उगाच नाही. आगुंग गप्प असला तरी शेजारची बेटं आहेत, नोव्हेंबर 2024 मध्ये फ्लोरेसवरच्या लेवोतोबीमुळे बालीची कितीतरी विमानं रद्द झाली, आपल्याकडे येणारी पण. म्हणून परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी ऑफिसचं मोठं काम ठेवू नका, एक दिवस मधे सोडा.

सामान

थोडंच लागतं. पूर्ण बाह्यांचा घट्ट रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा टी-शर्ट, दोन, बोर्डवर घासून पोट आणि छाती सोलवटते म्हणून हा हवाच, नुसत्या उन्हासाठी नाही. मुलींनी लेगिंग्जसारखी स्विम टाइट्स घ्या, मांड्या आणि गुडघे वाचतात. पुरुषांनी नाडी घट्ट बांधता येईल अशी बोर्डशॉर्ट्स. चेहऱ्याला झिंकचं जाड सनस्क्रीन, बाली विषुववृत्तापासून जेमतेम आठ अंश खाली आहे, ढगाळ असलं तरी भाजतं. चष्मा असेल तर रोज फेकून द्यायच्या कॉन्टॅक्ट लेन्स, तीन-चार जोड्या जास्तीच्या, आणि लाट अंगावर आली की डोळे मिटायचे, माझी एक लेन्स पहिल्या अर्ध्या तासातच गेली होती. लेन्स घालून समुद्रात उतरायचं असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. बोर्ड विकत घेऊन नेऊ नका, तिकडे जागोजागी भाड्याने मिळतो.

फोरकास्ट कसा वाचायचा

कुठल्याही सर्फ ॲपवर तीन आकडे बघायचे. उंची, पिरियड, वारा. पिरियड म्हणजे एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते, आणि नवीन माणूस नेमका तोच बघत नाही. एक मीटर आठ सेकंदांची लाट आणि एक मीटर पंधरा सेकंदांची लाट यांच्यात जवळजवळ दुपटीचा जोर आहे. पहिल्या आठवड्यात उंची दीड मीटरच्या आत पाहिजे, आणि पिरियड पंधरा-सोळाच्या वर गेला तर त्या दिवशी शिकवणाऱ्याला विचारल्याशिवाय उतरायचं नाही.

भरती-ओहोटी तर आपल्या कोकणातल्या माणसाला सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, हे तिकडेही तसंच चालतं, फक्त तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचं आपलं गणित तिकडे लावू नका, प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. बेनोआ बंदराचं टाइड टेबल ऑनलाइन मिळतं ते घ्या. कुटाच्या वाळूवर साधारण मधली भरती सगळ्यात सोयीची. अगदी ओहोटीला लाट एकदम भिंतीसारखी कोसळते, आणि पूर्ण भरतीला कडेलाच आपटते.

वेळ सकाळची, सहा ते नऊ, वारा पडलेला असतो. बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे तिकडचे सहा म्हणजे अंगाच्या घड्याळाचे साडेतीन, पहिले दोन दिवस जड जातं, रात्री नऊला झोपून टाका.

पाण्यातला पहिला दिवस

पहिले दोन-तीन दिवस शिकवणारा घ्याच. दोन तासांचा लेसन साधारण साडेतीन ते पाच लाख रुपियापर्यंत असतो, ग्रुपमध्ये कमी. एका शिकवणाऱ्यामागे किती जण ते आधी विचारा, दोनच्या वर असतील तर दुसरा बघा. बोर्ड मऊ फोमचा, आठ-नऊ फुटी. लहान बोर्ड स्टायलिश दिसतो पण त्यावर पहिल्या आठवड्यात उभं राहता येत नाही.

आधी वाळूवर. बोर्डवर पोटावर झोपायचं, पायाची बोटं बोर्डच्या शेपटाजवळ, छाती उचललेली, नजर समोर. फार पुढे झोपलात तर बोर्डचं नाक पाण्यात घुसतं आणि तुम्ही कोलांटी खाता, फार मागे झोपलात तर लाट खालून निघून जाते, मधली जागा दोन-चार बोटांचीच असते. मला शिकवणाऱ्या मुलाने माझी हनुवटी जिथे येत होती तिथे बोर्डवर मेणाच्या वडीने एक रेघ मारून दिली, रोज त्या रेघेवर हनुवटी आली की जागा बरोबर, इतकी साधी युक्ती पण माझं निम्मं पडणं त्याने थांबलं. तुम्हीही करा. उठताना तळहात बरगड्यांच्या शेजारी बोर्डवर सपाट टेकवायचे, बोर्डच्या कडा धरायच्या नाहीत, कडा धरल्या की बोर्ड एका बाजूला कलंडतो.

मग कमरेएवढ्या पाण्यात. इथे तुम्ही फुटून गेलेल्या पांढऱ्या फेसाळ लाटेवरच शिकणार, आत खोल पाण्यात नाही. आणि एक गोष्ट कितीही दमलात तरी विसरायची नाही, बोर्ड कधीही तुमच्या आणि येणाऱ्या लाटेच्या मधे आडवा धरायचा नाही. लाट त्याला उचलून सरळ तुमच्या तोंडावर मारते. बोर्ड नेहमी बाजूला, नाक लाटेकडे. नवशिक्यांचे दात आणि नाकं असेच जातात.

मग फेस मागून येतो, तुम्ही हात मारताय, एकदम शेपूट उचललं जातं आणि बोर्ड सुटतो. तो क्षण कळतो तुम्हाला, पोटाखालून काहीतरी ओढून नेतंय असं वाटतं. शिकवणारा मागून ओरडतो, अप, अप, म्हणजे उठ. पहिले दहा-बारा वेळा उठायची घाई करूच नका, नुसतं पोटावर झोपून किनाऱ्यापर्यंत या, वेगाची सवय होऊ दे. मग उठा. आणि उठताना पायांकडे बघितलंत की पडलात म्हणून समजा, किनाऱ्यावरचं एखादं झाड धरा नजरेत.

पडायचं पण शिकायचं असतं. डोकं खाली करून सूर मारायचा नाही, पाणी उथळ असतं, मानेला धोका. सपाट, पसरून, पाठीवर किंवा कुशीवर पडायचं, आणि वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती, कारण बोर्ड कुठेतरी वरच असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फेसावर सरळ उभं राहता यायला लागलं की मग न फुटलेल्या हिरव्या लाटेकडे जायचं, तोपर्यंत नाही. पाचव्या दिवशी जायला मिळालं नाही म्हणून रडवेल्या झालेल्या मुली मी पाहिल्यात, पण घाईत मान दुखावून घरी गेलेले पण पाहिलेत.

ओढ आणि पाण्यातली शिस्त

कुटापासून सेमिन्याकपर्यंत रिप करंट चांगला जोरात असतो, आपल्याकडे मच्छीमार ओढ म्हणतात तीच. ओळखायची खूण म्हणजे दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधे एक पट्टा गप्प, जरा गडद, त्यावरून फेस उलटा आत चाललाय. नवीन माणसाला तीच जागा शांत वाटते आणि तो तिथेच उतरतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, बोर्ड सोडायचा नाही, त्यावर झोपून किनाऱ्याला समांतर बाजूला सरकत राहायचं, नाहीच जमलं तर हात वर करून हलवायचा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा पोहणाऱ्यांची, बोर्ड घेऊन तिथे जायचं नाही. नुसता लाल झेंडा म्हणजे उतरायचंच नाही. पाटीवर बर्बाहाया लिहिलेलं दिसेल, म्हणजे धोकादायक, तो बाहाया शब्द आपल्या भयातूनच गेलाय.

लाटेवर हक्क कोणाचा, तर जिथून लाट फुटायला सुरू होते त्याच्या सगळ्यात जवळ जो आहे त्याचा. तो उठला की बाकीच्यांनी थांबायचं, पुढ्यात घुसायचं नाही. चुकलात तर लगेच हात वर करून सॉरी म्हणा. स्थानिक पोरं लहानपणापासून त्या पाण्यात आहेत, हसून सलामत पागी, म्हणजे गुड मॉर्निंग, म्हटलं की ती स्वतःहून सांगतात कुठे बसायचं ते.

खाणं, तब्येत, स्कूटर

वारुंग म्हणजे छोटी खानावळ, तिथेच जेवा. शाकाहारींची अडचण फार होत नाही, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू सगळीकडे, गादो-गादो म्हणजे उकडलेल्या भाज्या शेंगदाण्याच्या आमटीसारख्या दाट सॉसमध्ये, आपल्या तोंडाला लगेच आवडतं. फक्त सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या ठेच्यात, बहुतेक वेळा सुकटीसारख्या कोळंबीचा तेरासी असतो, म्हणून तान्पा तेरासी असं सांगायचं, तेरासीशिवाय. नळाचं पाणी प्यायचं नाही. उघड्या बाटलीतली स्थानिक आराक दारू तर अजिबात नाही, मिथेनॉलमुळे लोक गेलेत त्याने. पाण्यात उतरायच्या तासभर आधी केळं आणि नंतर पोटभर नाश्ता, भरल्या पोटाने बोर्डवर झोपवत नाही.

रीफने कापलं तर हलकं समजू नका. माझ्या नवऱ्याने शेवटच्या दिवशी हट्टाने रीफवर पाय टेकवला, करंगळीशेजारी दोन सेंटीमीटरचं कापलं, धुतल्यासारखं केलं आणि चप्पल घालून फिरला, तिसऱ्या दिवशी ठाण्यात पाय सुजून लाल, आठवडाभर अँटिबायोटिक. प्रवाळाचे बारीक कण आत राहतात. स्वच्छ पाण्याने चोळून चोळून धुवायचं, अँटिसेप्टिक लावायचं, आणि जखम बंद होईपर्यंत समुद्र बंद. धनुर्वाताचं इंजेक्शन जायच्या आधीच घेऊन ठेवा. बालीत 2008 पासून रेबीज आहे, कुत्रा किंवा माकड चावलं, नुसतं ओरखडलं तरी, साबणाने पंधरा मिनिटं धुवून सरळ दवाखाना.

स्कूटर सगळे घेतात, वाहतूक डावीकडूनच आहे म्हणून आपल्याला सोपी वाटते. पण आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, त्यावर दुचाकीची नोंद आहे ना बघा, आणि हेल्मेट, नाहीतर अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न तोच विचारतात. जवळ राहिलात तर स्कूटर लागतच नाही, लांब जायला ॲपवरची गाडी मिळते.

रस्त्यात, दुकानाच्या दारात, अगदी किनाऱ्यावर वाळूत सुद्धा केळीच्या किंवा नारळाच्या पानाच्या छोट्या द्रोणात फुलं, तांदळाचे दाणे, उदबत्ती ठेवलेली दिसेल. चानांग सारी म्हणतात, रोजची पूजा आहे ती. बोर्ड खांद्यावर घेऊन चालताना खाली बघत चला, तिच्यावर पाय पडू देऊ नका.

लाट नसेल तेव्हा, आणि शेवटची संध्याकाळ

मधे एक दिवस हात उचलवणार नाहीत इतके खांदे भरून येतात, तो दिवस सुट्टीचा ठेवाच. बातुरचा सूर्योदय ट्रेक करायचा तर तो अशा दिवशी नको, मध्यरात्री उठून 1,717 मीटर उंचीच्या माथ्यापर्यंत चढायचं असतं, पुढचा दिवसही जातो. गाडीने किंतामणीपर्यंत जाऊन वरूनच तो मोठा खड्डा, त्यातलं तळं आणि 1960 च्या दशकातल्या लाव्हाचे काळे पट्टे बघा.

शेवटच्या संध्याकाळी उलुवातूला जा. कड्यावरच्या देवळात सारोंग नेसून, चष्मा आणि गॉगल पिशवीत टाकून, कारण माकडं झडप घालतात. मग तिथून थोडं पुढे सुलुबानला, पायऱ्यांनी खाली, जिथून सर्फर गुहेतून पाण्यात उतरतात तिथल्या वरच्या कठड्यावर बसा. तासभर तरी बसा. पहिल्या दिवशी आला असतात तर नुसत्या लाटा आणि माणसं दिसली असती. आता दिसेल की बराच वेळ काहीच येत नाही, सगळे बोर्डवर पाय सोडून बसलेत, मग लांब क्षितिजाजवळ पाण्यावर गडद रेघा उमटतात आणि सगळे एकदम आत वल्हवायला लागतात. कोण आतल्या बाजूला बसलाय, लाट कोणाची, कोणी हात आखडता घेतला, कोण उशिरा उठला, हे सगळं तुम्हाला आपोआप कळत जाईल, आणि एखादा बरोबर जागेवर उठला की तुमचेच खांदे पुढे होतील. अंधार पडायच्या आत पायऱ्या चढून या, वरती दिवे कमी आहेत आणि परतीच्या रस्त्याला विमानतळापर्यंत दीड तास तरी धरून चाला.